सिझरनंतर नॉर्मलसाठी डॉक्टर बदलू का?

पहिलं सिझर झालं, बाळ पायाळू होतं म्हणून. आता सातवा महिना. डॉक्टरीणबाई तोंडाने "बघू, बघू" म्हणतात, पण फाइलवर पेन्सिलीने सिझरची तारीख टाकून ठेवलीय!

— मग उत्तर मिळालंच की गं. मी दुसरीकडे गेले, तर बाईंनी आधी जुन्या ऑपरेशनचा कागद मागितला. गर्भाशयावरचा छेद खाली, आडवा आहे ना, ते बघायला. पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही म्हणे.

— किती जणींना प्रयत्न करू दिला, थेट विचार. साधारण १०० पैकी ६० ते ८० जणींना जमतं. गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याचा धोका २०० त एकीला; तसं झालं तर लगेच सिझर लागतं, म्हणून मध्यरात्रीही भूलतज्ज्ञ हवा.

— कागद सापडला. आडवाच! सोमवारी दुसऱ्या बाईंकडे जातेय.