मुंबई सर्कलचा जुना पोस्टपेड क्रमांक तोच ठेवून देवरुखात दुसऱ्या कंपनीकडे नेता येईल का?

देवरुखवासी (बुधवार, १८ जून)

नमस्कार. गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाल्यावर डोंबिवलीचे घर मुलाच्या स्वाधीन करून मी आणि पत्नी देवरुखजवळच्या आमच्या मूळ गावी कायमचे राहायला आलो. माझा मोबाइल क्रमांक २००६ सालापासून एकच आहे. निवृत्तिवेतनाचे बँक खाते, आधार, प्राप्तिकर, गॅसची नोंदणी आणि जुन्या सहकाऱ्यांच्या वह्या अशा सगळ्या ठिकाणी हाच क्रमांक असल्यामुळे तो बदलण्याची माझी अजिबात तयारी नाही. मात्र सध्याच्या कंपनीची रेंज आमच्या घरात मिळत नाही. बोलायचे असेल तर अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहावे लागते, आणि आता पाऊस सुरू झाल्याने तेही अवघड झाले आहे. शेजारी वापरतात त्या दुसऱ्या कंपनीची रेंज घरभर चांगली मिळते, म्हणून तिच्याकडे जावे असे ठरवले आहे.

माझी योजना पोस्टपेड आहे आणि पत्नीचा क्रमांक त्याच योजनेत जोडलेला आहे. देयक दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची अंतिम तारीख २५ असते. मुलीने दिलेल्या नव्या फोनमध्ये जुने, कात्रीने कापलेले सिम नीट बसेना, म्हणून गेल्या शनिवारी, म्हणजे १४ तारखेला, रत्नागिरीला जाऊन त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले. काल १९०० वर पोर्टचा संदेश पाठवला, तर कोड येण्याऐवजी विनंती नाकारल्याचा इंग्रजी संदेश आला. येथील दुकानदाराचे म्हणणे असे की काहीतरी थकबाकी दिसत असेल, शिवाय मुंबईचा क्रमांक इकडे चालवण्यात अडचणीच फार, त्यापेक्षा नवा क्रमांक घेऊन मोकळे व्हावे. थकबाकी नाही याची मला खात्री आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलणे माझ्या बाबतीत शक्य आहे का, आणि असल्यास मी कोठे चुकलो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातारकर

काका, माझ्या माहितीप्रमाणे मुंबई हे वेगळे सर्कल असल्यामुळे पोर्टचा अर्ज तुम्हाला डोंबिवलीला जाऊनच द्यावा लागेल. दुसरे असे की तुम्ही नुकतेच नवे सिम घेतले आहे, त्यामुळे ९० दिवसांची अट पुन्हा पहिल्यापासून मोजली जाईल. सप्टेंबरपर्यंत थांबणे भाग आहे असे दिसते.

तारयंत्र

दूरसंचार कंपनीच्या ग्राहकसेवेत बरीच वर्षे काढल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. सातारकरांनी मांडलेल्या दोन्ही मुद्द्यांना पूर्वीच्या किंवा वेगळ्या नियमांचा आधार आहे, पण या प्रकरणाला ते लागू पडत नाहीत.

आधी सर्कलविषयी. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. परंतु तेव्हा ती एकाच सर्कलच्या हद्दीत होती. मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे-कल्याणचा पट्टा मिळून मुंबई सर्कल होते, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. त्यामुळे त्या काळात पुण्याचा क्रमांक पणजीत पोर्ट होत असे, पण डोंबिवलीचा क्रमांक पुण्यात होत नसे. ही अडचण ३ जुलै २०१५ पासून दूर झाली आहे. तुम्ही देवरुखातच अर्ज द्या. फरक इतकाच की एका सर्कलमध्ये जे काम तीन कामकाजी दिवसांत होते, त्याला तुमच्या बाबतीत पाच कामकाजी दिवस लागतील.

दुकानदार ज्या अडचणींबद्दल बोलतो, त्या मला तरी दिसत नाहीत. पोर्ट झालेला क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे आणि कोणत्या सर्कलमध्ये आहे, याची नोंद एका मध्यवर्ती यादीत असते. तुम्हाला फोन लावणाऱ्याची कंपनी आधी त्या यादीत पाहते आणि मग कॉल योग्य जागी वळवते. फोन लावणाऱ्याला यातले काही कळत नाही आणि त्याला वेगळे काही करावेही लागत नाही. क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी आणि गाव ओळखण्याची आपली जुनी सवय आता निरुपयोगी झाली आहे, एवढाच त्याचा परिणाम.

आता नकाराविषयी. १६ डिसेंबर २०१९ पूर्वी कोड जुन्या कंपनीकडून लगेच मिळायचा आणि नकार मागाहून, अर्ज दिल्यानंतर यायचा. त्यात लोकांचे फार हेलपाटे होत. त्या दिवसापासून हा आठ अक्षरी कोड, म्हणजे यूपीसी, दोन्ही कंपन्यांच्या मध्ये असणारी पोर्टिंग संस्था देते, आणि तीही सगळ्या अटी जुन्या कंपनीकडून तपासून घेतल्यानंतरच. याचा अर्थ असा की कोड मिळाला तर बहुतेक अडथळे संपलेले असतात, आणि नाही मिळाला तर नकाराच्या संदेशातच कारण दिलेले असते. तुम्ही तो संदेश दुकानदाराकडून वाचून न घेता स्वतः पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचावा. माझा अंदाज असा आहे की कारण थकबाकीचे नसून सिमचे असणार. १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पूर्ण होईपर्यंत कोड दिला जात नाही. एखाद्याच्या नावावर खोटे सिम काढायचे आणि मूळ मालकाला पत्ता लागण्यापूर्वी क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे हलवून त्याचे बँक खाते रिकामे करायचे, या प्रकाराला आळा घालण्यासाठी तो केला गेला. तुम्ही १४ तारखेला सिम घेतले आणि १७ तारखेला संदेश पाठवला, म्हणून अडकलात.

९० दिवसांची अट वेगळी आहे. ती क्रमांक प्रथम सुरू झाल्यापासून किंवा मागच्या वेळी पोर्ट झाल्यापासून मोजतात, सिम बदलल्यापासून नव्हे. तुमचा क्रमांक २००६ पासून त्याच कंपनीकडे असल्यामुळे ती केव्हाच पूर्ण झाली आहे. सप्टेंबरपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.

देवरुखवासी

तारयंत्र यांचे मनापासून आभार. संदेश चष्मा लावून पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीत खरोखरच सिम बदलल्यानंतरच्या कालावधीचा उल्लेख आहे. मी पहिल्या दोन ओळींतच वाचन थांबवले होते. आता तीन शंका उरतात. चालू महिन्याचे देयक अंतिम तारखेच्या आत भरायचे बाकी आहे, ते आडवे येईल का? पत्नीचा क्रमांक माझ्याबरोबर आपोआप जाईल का? आणि पोर्ट चालू असताना फोन किती दिवस बंद राहील?

तारयंत्र

नियमाच्या भाषेत थकबाकी म्हणजे निघालेले आणि अंतिम तारीख उलटूनही न भरलेले देयक. २५ तारीख उलटलेली नसल्यामुळे तुमचे देयक आडवे येऊ नये. तरीही माझा सल्ला असा की ते आजच भरून पावती जपून ठेवावी, कारण वाद निर्माण झालाच तर तो मिटवण्यात जाणारे दिवस तुमचेच असतील. मात्र ५ तारखेनंतरच्या वापराचे अंतिम देयक क्रमांक गेल्यानंतर येईल, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. ते भरले नाही तर जुनी कंपनी नव्या कंपनीला तसे कळवू शकते, नवी कंपनी तुम्हाला सूचना देते, आणि त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर सेवा बंद केली जाते. जो क्रमांक वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच अशा रीतीने हातचा जाऊ शकतो. सेवा घेताना अनामत रक्कम भरली असेल, तर ती परत मिळण्यासाठी लेखी मागणी करावी.

पत्नीचा क्रमांक आपोआप जाणार नाही. प्रत्येक क्रमांकाचा कोड त्याच क्रमांकावरून संदेश पाठवून मागवावा लागतो. तुम्ही मुख्य ग्राहक असल्यामुळे तुम्ही बाहेर पडल्यावर जोडलेल्या क्रमांकाचे काय करणार, हे कंपनीला आधी विचारून ठेवा. दोन्ही क्रमांक एकाच दिवशी नेणे मला अधिक सोयीचे वाटते. तो क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हेही पाहून घ्या. तो तुमच्या नावावर असेल आणि त्यांच्या नावावर करून घ्यायचा विचार असेल, तर नाव बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत त्या क्रमांकाला कोड मिळणार नाही. आपल्या नावावर कोणकोणते क्रमांक आहेत, हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते.

फोन दिवसचे दिवस बंद राहत नाही. जुने सिम शेवटच्या क्षणापर्यंत चालू असते, बदल बहुधा रात्री होतो आणि सेवा काही तासच खंडित होते.

विदुला

ठाण्याचा क्रमांक दोन वर्षांपूर्वी नाशिकला नेताना मी ज्या चुका केल्या, त्या काकांना उपयोगी पडतील म्हणून लिहिते. नव्या कंपनीचे सिम हातात पडताच मी ते उत्साहाने फोनमध्ये घातले आणि जुने सिम कचऱ्यात टाकले. नव्या सिमला रेंज येईना, आणि बँकेचे ओटीपी मात्र कचऱ्यातल्या सिमवर जाऊ लागले. चौथ्या दिवशी क्रमांक हलला, तोवर मला गृहकर्जाचा हप्तासुद्धा शेजारणीकरवी भरावा लागला. जुन्या सिमवरची रेंज पूर्ण गेल्याशिवाय ते काढू नये, हे दुकानातल्या मुलाने मला सांगितले होते. मीच ऐकले नाही.

क्रमांक तोच राहिला तरी यूपीआयचे ॲप सिम बदललेले ओळखते आणि नोंदणी पुन्हा करायला लावते. त्यासाठी ते आपल्या फोनवरून एक संदेश पाठवते, म्हणून नव्या खात्यात त्यापुरते पैसे किंवा चालू योजना असू द्यावी. ज्या आठवड्यात पोर्ट व्हायचे असेल, त्या आठवड्यात मोठे व्यवहार ठेवू नयेत, आणि घरात थोडी रोकड असू द्यावी.

आणखी एक. आधारवर माझा पत्ता ठाण्याचा होता, त्यामुळे दुकानात सध्याचा पत्ता आणि एका स्थानिक व्यक्तीचा संपर्क विचारला गेला. काकांच्या आधारवर अजून डोंबिवलीच असेल, तर शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी. पोर्टचा संदेश गेल्याबरोबर जुन्या कंपनीचे फोनही सुरू होतात. इतकी वर्षे कधी न दिसलेल्या सवलती तेव्हा अचानक दिसू लागतात. त्या ऐकून घ्यायला हरकत नाही, पण आलेला कोड फोनवर कोणालाही सांगू नये. तो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात, समोर बसून द्यायचा असतो.

सातारकर

माझी माहिती जुनी होती हे मान्य. काकांना एक विचारावेसे वाटते. शेजाऱ्यांकडे रेंज चांगली आहे म्हणजे आपल्याही घरात असेलच, असे डोंगराळ भागात धरून चालता येत नाही. एकदा गेल्यावर ९० दिवस परतता येणार नाही. त्यांचा फोन एक दिवस मागून आपल्या माजघरात बसून बोलून पाहावे.

तारयंत्र

हा सल्ला माझ्याकडून राहून गेला होता, तो अवश्य पाळावा. जोडीला एवढेच की अर्ज दिल्यानंतर मन बदलले तर चोवीस तासांच्या आत १९०० वरच इंग्रजीत कॅन्सल हा शब्द, मोकळी जागा आणि आपला क्रमांक असा संदेश पाठवून तो रद्द करता येतो. कोड मात्र चार दिवसच चालतो, त्यामुळे दुकानात जायचे ठरल्याशिवाय तो मागवू नये.

देवरुखवासी (मंगळवार, १ जुलै)

काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. शेजाऱ्यांचा फोन घेऊन रविवारी घरभर फिरलो; माजघरात आणि माडीवर रेंज मिळाली, स्वयंपाकघरात मिळाली नाही. तेवढ्यावर आम्ही दोघांनी समाधान मानले. देयक आधीच भरले होते. सोमवारी २३ तारखेला सकाळी दोन्ही फोनवरून संदेश पाठवले आणि काही मिनिटांत दोन्ही कोड आले. पत्नीचा क्रमांक माझ्याच नावावर असल्याचे निघाले. तूर्त तो तसाच ठेवला आहे, नाव बदलण्याचे नंतर पाहू. त्याच दिवशी दुकानात आधार दाखवून, छायाचित्र देऊन आणि शेजाऱ्यांचा संपर्क सांगून अर्ज भरले. नवा क्रमांक घेऊन मोकळे व्हा म्हणणारा दुकानदारच आमचे अर्ज भरत होता, त्याला २०१५ ची तारीख सांगितल्यावर त्याने ती वहीत टिपून घेतली.

शनिवार-रविवार मध्ये आल्यामुळे वाट पाहावी लागली. काल रात्री साडेबाराच्या सुमारास जुन्या सिमची रेंज गेली, आज पहाटे नवे सिम घातले आणि पाच वाजता पहिला फोन डोंबिवलीला मुलाला लावला. त्याला वाटले काहीतरी विपरीत घडले. बँकेचा ओटीपी व्यवस्थित येतो आहे. यूपीआयची पुन्हा नोंदणी मुलगी व्हिडिओ कॉलवर करवून घेणार आहे. अंतिम देयकाची वाट पाहतो आहे. ते जुन्या ईमेलवर येईल, म्हणून त्याचा परवलीचा शब्द आजच शोधून ठेवला.