मदत हवी आहे: रुग्ण बाईंना मदत केंद्राशी सुरक्षितपणे कसं जोडून द्यावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांदेदुखीसाठी येणाऱ्या एका बाईंनी, नवरा गाडी लावायला गेला तेवढ्यात, घरी मारहाण होते असं सांगितलं. दंडावर बोटांचे वळ होतेच. एकदा गळाही आवळला होता म्हणे. गळा दाबणं म्हणजे पुढे जिवावर बेतण्याचा धोका, त्यामुळे 'बघू पुढच्या वेळी' म्हणून सोडवत नाही.

नुसतं पत्रक हातात देणं मला पटत नाही. तो पर्स आणि मोबाईल दोन्ही तपासतो. बाई तयार असतील तर क्लिनिकच्या फोनवरूनच समुपदेशकाशी बोलणं करून द्यावं म्हणतोय. संमतीशिवाय नाव कुठेही देणार नाही. 'घर सोडा' असंही परस्पर सांगणार नाही, कारण सोडून जातानाच हल्ल्याचा धोका वाढतो.

या क्षेत्रातल्यांना विचारायचंय: नवऱ्याला संशय न येता बाहेर कसं बसवता? केंद्राचा उलट फोन कोणत्या नंबरवर, कधी यावा, हे कसं ठरवता? आणि केस पेपरवर काय लिहिता? हा गृहस्थ फाइल मागून वाचतो, खरी पंचाईत तिथेच आहे.

('पोलिसांत जा' एवढंच उत्तर नको. त्यांना ते सध्या नकोय.)