युद्धातून बाहेर पडलेल्या देशात मोफत उपचार कसे चालले?

प्रश्न: नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशातलं यादवी युद्ध 2002 मध्ये संपलं. एप्रिल 2010 मध्ये तिथं गरोदर बाया, स्तनदा माता आणि 5 वर्षांखालच्या मुलांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार सुरू झाले. सरकारच एवढं दुबळं, मग हे जमलं कसं?

उत्तर: मी आरोग्य विभागाची पगारबिलं केलेला माणूस, त्यामुळे माझी नजर तिथंच जाते. योजनेआधी त्यांनी पगारयादी साफ केली. यादीत नावं होती, पण कामावर माणसं नव्हती. ती नावं काढली आणि खरोखर राबणाऱ्यांचे पगार वाढवले. हे काम दिसत नाही, पण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. एकेक नाव हजेरीपटाशी ताडून पाहायचं म्हणजे डोळे फुटतात, बाप्पा! पण नर्सच्या हाती पगार पडला नाही तर ती पेशंटकडूनच पैसे घेणार. भिंतीवर ‘मोफत’ लिहून काय होते?

प्रश्नकर्ती: पण काका, पगारवाढीचा पैसा तर बाहेरचा होता ना? ब्रिटनचा आणि ग्लोबल फंडचा, म्हणजे एड्स, क्षयरोग, मलेरियाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निधीचा?

उत्तर: बऱ्याच अंशी हो. तीच खरी दुखरी नस आहे, सेमिनारमध्ये तिच्यावर बोल. देणगीदाराचा पैसा आज ना उद्या आटतो, पगार दर महिन्याला लागतो.

आणखी एक: 2014 ची इबोलाची साथही घे. किती नर्सेस, डॉक्टर गेले त्यात! पगारयादी पुन्हा भरता येते, अनुभवी माणूस तयार व्हायला वर्षं लागतात.