मदत हवी आहे: पीएचपीचं ९०० पानी संदर्भ-पुस्तक घ्यावं का?

कोरी पाटी:
एचटीएमएल-सीएसएस येतं, आता सर्व्हरची बाजू शिकायची आहे. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांचं एक जाडजूड संदर्भ-पुस्तक वापरलेलं, स्वस्तात मिळतंय. आवृत्ती २०१४ची. अनुक्रमणिका आणि दोन प्रकरणं चाळता येतात. तेवढ्यावरून काय तपासू?

रिकामा स्टॅक:
आधी डेटाबेसचं प्रकरण उघडा. फंक्शनांची नावं नुसत्या 'मायएसक्यूएल_'ने सुरू होत असतील तर पुस्तक तिथेच मिटा. ती पीएचपी ५.५मध्ये (२०१३) कालबाह्य ठरली आणि ७.०मध्ये (२०१५) काढूनच टाकली. आजच्या सर्व्हरवर पहिल्याच कॉलला 'अनडिफाइन्ड फंक्शन' येईल. मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ (डेटाबेसशी बोलायचे आजचे मार्ग) असेल तर पुढे वाचा, पण फॉर्ममधून आलेली किंमत बिंदू (पीएचपीत स्ट्रिंग जोडायचं चिन्ह) लावून थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आदेशात, चिकटवलेली दिसली तर तेही नको. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि किंमती वेगवेगळ्या देणं) पहिल्या उदाहरणापासून हवं. शेवटच्या 'सुरक्षा' प्रकरणात ते येईस्तोवर हाताला वाईट वळण लागलेलं असतं.

मग लॉगिनचं उदाहरण शोधा. पासवर्डला एमडी५ किंवा शा-१ (पासवर्डसाठी कच्च्या ठरलेल्या जुन्या हॅश-पद्धती; हॅश म्हणजे मजकुराचा उलट न फिरवता येणारा ठसा) वापरलं असेल तर २०१४च्या लेखकाला माफी नाही, 'पासवर्ड_हॅश' ५.५पासूनच आहे. त्याच्या डीफॉल्ट अल्गोरिदमचा, बीक्रिप्टचा, हॅश ६० अक्षरांचा असतो, तरी कॉलम २५५चा ठेवा, कारण डीफॉल्ट अल्गोरिदम पुढे बदलू शकतो. हे कारण पुस्तकात दिलेलं असेल तर लेखक जाणकार समजा.

अर्धविराम:
एरर येते ते परवडलं, निदान कळतं तरी. घात करतात ते न बोलता झालेले बदल. शून्य आणि 'आंबा' ही स्ट्रिंग दुहेरी बरोबर-चिन्हाने ताडली तर ७.४पर्यंत उत्तर खरं, ८.०पासून (२०२०) खोटं. पीडीओ पूर्वी चूक झाली की गुपचूप 'फॉल्स' द्यायचं, ८.०पासून एक्सेप्शन (न पकडल्यास प्रोग्राम तिथेच थांबवणारा, चूक झाल्याचा इशारा) फेकतं. म्हणजे पुस्तकातली 'फॉल्स आलं का?' ही तपासणी गाठलीच जात नाही.

(आणि मुखपृष्ठावर 'पीएचपी ६' दिसलं तर विषयच संपला. ती आवृत्ती कधी आलीच नाही, पुस्तकं मात्र आली!)

कोरी पाटी:
बघितलं. पीडीओ आहे, पासवर्ड_हॅशही आहे. पण निम्मं पुस्तक म्हणजे फंक्शनांची यादी.

रिकामा स्टॅक:
मग नकोच. ती यादी अधिकृत मॅन्युअलमध्ये फुकट आहे, शिवाय कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते बहुतेक फंक्शनांखाली लिहिलेलं असतं. पैसे मोजायचे ते 'का'साठी: लॉगिननंतर सेशनचा आयडी का बदलायचा, ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून होणारे किंवा एकही न होणारे डेटाबेस-बदल) कुठे सुरू करून कुठे संपवायचं. एक झटपट चाचणी सांगतो. 'मराठी' या शब्दाची लांबी 'स्ट्रलेन' १५ सांगतं, 'एमबी_स्ट्रलेन' ५ आणि 'ग्राफीम_स्ट्रलेन' ३. पहिलं बाइट मोजतं, दुसरं कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं, काना-वेलांटी वेगळी धरून), तिसरं डोळ्यांना दिसणारी अक्षरं. स्ट्रिंगच्या प्रकरणात हा फरक नसेल तर मराठी मजकूर कापताना अक्षरं मधेच तुटतील आणि पुस्तक त्यावर गप्प बसेल.

कोरी पाटी:
ठीक, मुखपृष्ठावर ८.२ वगैरे लिहिलेलं शोधतो.

अर्धविराम:
मुखपृष्ठावर जाऊ नका. आतल्या कोडमध्ये नव्या पीएचपीच्या खुणा, म्हणजे पॅरामीटरला टाइप, कुठेतरी 'मॅच', एखादं 'ईनम' दिसतंय का बघा. यातलं काहीच नसेल तर जुन्याच पुस्तकाला नवं कव्हर घातलंय.