एक्मोवर 21 दिवस: फुप्फुस प्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा?

आयसीयू_निवासी
वय 42, विषाणूजन्य न्यूमोनियातून एआरडीएस (दोन्ही फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेणं बिघडतं ती अवस्था). रोज 16 तास पालथं झोपवूनही पी/एफ (रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर) 60 च्या वर सरकेना, म्हणून व्हीव्ही एक्मो (शिरेतलं रक्त बाहेर काढून, यंत्रात ऑक्सिजन देऊन परत शिरेत सोडणं) लावलं. कम्प्लायन्स (फुप्फुसाची लवचिकता) 15 च्या आसपास, सीटीत दोन्हीकडे फायब्रोसिस (फुप्फुसात व्रण पडून ते कडक होणं), बाकी अवयव ठीक. नातेवाईक रोज विचारतात, "फुप्फुस बदलून मिळेल का?" काय सांगावं? आणि तोवर काय सांभाळावं?

अतिदक्षता_तज्ज्ञ
प्रत्यारोपण केंद्राला आजच फोन करा, पण यादीत नाव घालायची घाई नको. एआरडीएसची फुप्फुसं उशिराही उघडतात, त्यामुळे साधारण 4 ते 6 आठवडे वाट पाहतात. तिसऱ्या आठवड्यातल्या सीटीवर एकट्यावर निर्णय घेऊ नका, बरीच धूसरता पुढे विरते. ताणून रुंदावलेल्या श्वासनलिका, हवेच्या पोकळ्या, आठवडोन् आठवडे न हलणारं कम्प्लायन्स हे सगळं जुळून आलं, तर परतीची आशा कमी. फुप्फुसातला रक्तदाब वाढून उजवं हृदय थकू लागलं, तर मात्र सहा आठवडे मोजत बसू नका.

तोवर रुग्णाला जागं करा. संमती त्याच्याच तोंडून हवी. शिवाय हेपरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध) मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर तो गुंगीत कळत नाही. एक्मोची नळी (कॅन्युला) मांडीत असेल तर मानेतली दुहेरी नळी शक्य आहे का बघा. पलंगाकडेला बसणं, उभं राहणं सुरू व्हायला हवं. स्नायू पार गळालेला रुग्ण शस्त्रक्रियेतून तरला, तरी व्हेंटिलेटरवरून सुटत नाही.

आयसीयू_निवासी
सर, हिमोग्लोबिन किती खाली चालेल? एक्मोच्या सर्किटमुळे रोज थोडं उतरतंय.

अतिदक्षता_तज्ज्ञ
लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं) नॉर्मल असेल तर 7 ते 8 वर थांबा. रक्ताच्या प्रत्येक पिशवीगणिक एचएलए अँटिबॉडी (दुसऱ्याच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं) तयार होण्याचा धोका वाढतो आणि जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त द्या. तपासणीसाठी लहान मुलांच्या ट्यूब वापरा, रोजचं रक्त बरंच वाचतं.

छाती_शल्यविशारद
अशा रुग्णात दोन्ही फुप्फुसं बदलतात. एक जुनं ठेवलं तर त्यातला जंतुसंसर्ग नव्यात उतरतो. छाती आक्रसलेली असते, त्यामुळे दात्याचं फुप्फुस मापाने मोठं पडू शकतं. रुग्णाच्या उंचीची अचूक नोंद पाठवा. चिकटलेलं आवरण सोडवताना खूप रक्त जातं. पहिल्या 72 तासांत नवं फुप्फुस सुजून बिघडू शकतं, म्हणून एक्मो लगेच काढत नाहीत. काढलेलं फुप्फुस बर्फात 6 ते 8 तासच टिकतं, त्यामुळे रुग्ण आधीच प्रत्यारोपण केंद्रात असावा लागतो. एक्मोसकट हलवायची तयारी आत्तापासून ठेवा. नोंदणी केंद्रामार्फतच होते; महाराष्ट्रात झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र).

प्रत्यारोपण_औषधे
नातेवाइकांना सांगा: मेंदूमृत दाता कधी मिळेल याची खात्री नाही, औषधं जन्मभर, आणि जगभरच्या नोंदींत निम्मे रुग्ण साधारण सहा वर्षांपलीकडे जगतात. टॅक्रोलिमसची (शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणूनचं औषध) रक्तातली पातळी सुरुवातीला मिलिलिटरला 10 ते 15 नॅनोग्रॅम, तीही सकाळच्या डोसआधीच तपासायची. व्होरिकोनॅझोल (बुरशीविरोधी औषध, याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते) सुरू केलं की टॅक्रोलिमसचा डोस सुमारे एक तृतीयांशावर आणतात. व्होरिकोनॅझोल बंद करताना टॅक्रोलिमस परत वाढवायचं राहिलं, तर पातळी कोसळून रिजेक्शन (शरीराने नवं फुप्फुस नाकारणं) होऊ शकतं. डिस्चार्जच्या कागदावर हे ठळक लिहा.