मदत हवी आहे: एनजीसी 4696 च्या केंद्रात लोहाचे प्रमाण खरोखर घटते का?

नमस्कार. नरतुरंग दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी असलेल्या एनजीसी 4696 या महाकाय दीर्घिकेची चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेली, सर्वांना खुली असलेली क्ष-किरण निरीक्षणे आम्ही रत्नागिरीत पदव्युत्तर प्रकल्पासाठी अभ्यासत आहोत. समूहातील उष्ण वायू केंद्राकडे थंड होत जातो, हे आमच्या वर्णपटांत स्पष्ट दिसते. परंतु बाहेरून आत वाढत आलेले लोहाचे प्रमाण अगदी आतल्या वलयात (केंद्राभोवती आम्ही पाडलेल्या कड्यांसारख्या पट्ट्यांपैकी एकात) एकदम घटते, आणि ही घट खरी की प्रतिमानामुळे (वर्णपटाशी जुळवलेल्या गणिती मॉडेलमुळे) भासणारी, हे आम्हाला ठरवता येत नाही.

केंद्रकातील बिंदुस्रोत वगळला आहे, 0.5 ते 7 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) हा ऊर्जेचा पट्टा घेतला आहे आणि ताम्रसृती (दूर जाणाऱ्या स्रोताच्या प्रारणाची तरंगलांबी किती वाढते त्याचे माप) 0.0104 वर स्थिर ठेवली आहे. निरनिराळ्या तापमानांचा वायू मिसळलेला असताना एकाच तापमानाचे प्रतिमान लोह कमी दाखवते, हे ठाऊक असल्यामुळे दोन तापमानेही वापरून पाहिली. घट कमी झाली, पण नाहीशी झाली नाही, आणि थंड घटकाचे तापमान अस्थिरच राहिले. वलये गोलाकार पाडली आहेत, जे मला स्वतःला खटकते, कारण येथील थंड वायू पिसासारखा एका बाजूला वळलेला आहे.

आमच्या संगणकाची स्मृती 8 जीबी आहे आणि पावसाळ्यात येथे वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसतो, त्यामुळे आणखी मोठी निरीक्षणे उतरवून घेणे सध्या कठीण आहे.

अशा वेळी आधी प्रक्षेपणाचा परिणाम (दृष्टिरेषेत पुढे-मागे असलेल्या बाहेरच्या वायूची सरमिसळ) वजा करावा, की वलये सोडून तापमानानुसार क्षेत्रे पाडावीत? आणि दोन्ही घटकांचे लोह एकमेकांशी बांधावे (समान धरावे) की मोकळे ठेवावे?