देवळामागे गाढव कोरलेला दगड निघालाय, कमिटी म्हणते हलवा. काय करावं?

माडाखालचा:
नमस्कार मंडळी, गाव अलिबाग तालुक्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, मागची जांभ्याची भिंत पाडली तर झाडीत एक उभा दगड दिसला, कमरेएवढा असेल. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरांसारखं कायतरी झिजलेलं आणि खाली एक बाई आणि गाढव, म्हणजे... समजून घ्या. कमिटीतले काका म्हणतात असलं घाणेरडं चित्र देवाच्या आवारात नको, फरशी बसवायच्या आधी खाडीत टाकू. दुसरा एकजण म्हणतो खाली धन असणार, खणून बघू. मला वाटतं हे जुनं काहीतरी आहे पण पटवून देता येत नाही. कोणाला माहितीय का? आणि यावर वाचायला नवीन पुस्तक वगैरे असेल तर तेही सांगा.

शिळाप्रेस:
अरे तो गधेगळ आहे! सोन्याहून भारी वस्तू मिळालीय. शिलाहारांच्या काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी कोकणावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या वेळी, देवळाला नाहीतर माणसाला जमीन, धान्य कायपण दान दिलं की असा दगड उभा करायचे. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू, आणि खालचं चित्र म्हणजे शिवी. जो हे दान मोडेल त्याच्या आईवरून. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून काढून ठेवलेली, कमिटीच्या काकांना लगेच कळली ना? मग हजार वर्षांनीपण काम करतेय. काकांना एवढंच सांग की हा दगड देवाच्या उत्पन्नाचा राखणदार आहे आणि तो हलवणाऱ्यालाच ती शिवी आहे, बघ खाडीत टाकायला कोण पुढे येतो ते.
तुमच्या तालुक्यातच आक्षीला असाच आहे, केसिदेवरायाचा. त्यात राजाला 'पश्चिम समुद्राधिपती' म्हटलंय आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी (देवीचा एक कुळाचार) नऊ कुवली (जुनं माप) धान्य दिल्याचं लिहिलंय. बोडण! आमच्याकडे अजून भरतात, वाचून अंगावर काटा आला होता. तो दगडही वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता, आता कुठे त्याला बरी जागा मिळालीय.
धनाचं मात्र डोक्यातून काढा, त्या नादात किती गधेगळ उपटून फोडलेत लोकांनी.

शंकासुर:
आक्षीचं आलंच आहे तर... शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२, म्हणून पहिला मराठी शिलालेख, हे सगळीकडे छापतात पण तो आकडा काही अभ्यासक ११३२ वाचतात, म्हणजे थेट १२१०. मग पहिला कसला. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा (इ.स. १०६०) आहे, त्याच्या सालावर एवढी भांडणं नाहीत. म्हणून सांगतो, आपल्या दगडावर आकडा दिसला की लगेच ग्रूपवर 'मराठीतला सर्वात जुना' म्हणून फॉरवर्ड मारू नका. पहिला नसला तरी तो काय कमी होत नाही.

देवगडचो:
त्या धोंड्याक आधी तारेचो ब्रश लावू नको हां! 😀 बाकी मराठीत लिहितो. चुना नको, ऑइलपेंट नको, ॲसिड तर अजिबात नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बास. मग रात्री अंधारात जा आणि टॉर्च समोरून न मारता अगदी बाजूने, दगडाला घासून उजेड जाईल अशी धर. दिवसा जे सपाट वाटतं त्यात अक्षरं उठून दिसतात. तसे फोटो काढून पुरातत्त्वच्या रत्नागिरी ऑफिसला पाठव, ग्रामपंचायतीचं पत्र जोडलंस तर बरं.
पुस्तकांचं म्हणशील तर नवीन शोधत बसू नकोस, आधी तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' बघ, १९६३ चं आहे पण अजून सगळे तिथूनच उचलतात. शिलाहारांसाठी इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचं. आमच्या खारेपाटणच्या ताम्रपटात (शके ९३०, राजा रट्टराज) परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण (जुनं वजन) सोनं देवळाला लावून दिलंय, म्हणजे हजार वर्षांपूर्वी खाडीत बोटींची किती वर्दळ असेल बघ. आज तिथे गाळ. तो ताम्रपट पहिल्यांदा छापला बाळशास्त्री जांभेकरांनी, ते आमच्या पोंभुर्ल्याचे, हे आपलं उगाच सांगून ठेवतो.

चाकरमानी_बोरिवली:
असे जुने दगड बघायचे तर म्युझियमचं तिकीट कशाला, बोरिवलीला एक्सरला या. गल्लीत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) उभे आहेत, त्यावर समुद्रातली लढाई, बोटींच्या रांगा, वल्ही मारणारी माणसं, सगळं कोरलेलं. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वराच्या १२६५ च्या आसपासच्या लढाईशी ते जोडतात बरेचजण, सोमेश्वर समुद्रातच बुडाला म्हणतात. परवा गेलो तर बाजूला स्कूटर लावलेली. युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये आपले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आले, छाती फुगली, पण ह्या दगडांकडे कोण बघतंय.

माडाखालचा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री टॉर्च घेऊन गेलो, पाठीमागे कुत्री भुंकत होती. तीन ओळी आहेत नक्की, पहिलीत 'स्वस्ति' सारखं दिसतंय, आकडा मात्र नाही सापडला. शंकासुर खूश. काकांना शिवीचं सांगितलं तर पहिल्यांदा गप्प झाले, मग गुरवांना विचारलं, तर गुरव म्हणाले माझ्या आज्याने सांगितलेलं त्या दगडाला कोणी हात लावायचा नाही, का ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं. फरशी आता दगडाच्या अलीकडे थांबवतायत. फोटो उद्या टाकतो, नेट आलं तर.